पान एकशे बारावरचं घर

नागपुरातल्या मुलांना घरात ऊन कसं आणावं, हे मी एकतीस वर्षं शिकवलं. पगार वेळेवर घेतला, वेतनवाढी घेतल्या आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळही घेतलं. तो दिवस मे महिन्याचा होता. भर मे महिन्यात, नागपुरात, माझ्या अंगावर लोकरीची शाल घातली गेली आणि देणाऱ्यांना किंवा घेणाऱ्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या विभागाची एकूण प्रकृती यावरून वाचकांच्या लक्षात यावी.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सिव्हिलच्या डिप्लोमाला इमारत नियोजन नावाचा एक विषय असतो. भिंत किती जाड, सळई किती लागेल, हे शिकवणारे मास्तर वेगळे. ती कामाची माणसं. माझ्याकडे त्याच्या आधीचे प्रश्न असत. स्वयंपाकघर कुठल्या दिशेला, बैठक कुठे, खिडकी कुठे आणि केवढी, वारा कुठून घ्यायचा, ऊन कुठवर येऊ द्यायचं. मुलं ड्रॉइंग बोर्डावर मोठा कागद ताणून घराचा नकाशा काढत. त्या कागदाला आम्ही शीट म्हणतो. वर्षाच्या शेवटी त्या शीटवर तोंडी परीक्षा, म्हणजे ओरल. टेबलाच्या अलीकडे विद्यार्थी, पलीकडे मी आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेले परीक्षक, ज्यांना सगळे एक्सटर्नल म्हणतात, आणि मध्ये शीटवर तेल सांडणार नाही अशा बेतानं ठेवलेली आलुबोंड्यांची प्लेट.

ओरलमध्ये माझा एक ठरलेला प्रश्न असे. शीटवरच्या एखाद्या खिडकीवर पेन्सिल टेकवायची आणि विचारायचं, "हे कोणी सांगितलं?" त्याचं बरोबर उत्तरही ठरलेलं होतं: "पुस्तकात आहे, सर. पान एकशे बारा." पान चुकलं तर अर्धे मार्क. बाहेर व्हरांड्यात मुलं एकमेकांना धीर देत, "भोयर सर काही बी विचारू दे, तू पान सांगजो." माझी ही कीर्ती मला ठाऊक होती आणि तिचा मला अभिमान होता.

पुस्तक होतं एका इंग्रज गृहस्थाचं, निळ्या कापडी बांधणीचं. कॉलेजात त्याची एकच मूळ प्रत होती आणि ती लायब्ररीतल्या कुलूपबंद कपाटात असे, कारण चांगली पुस्तकं वाचून खराब होतात. मी नवीन लागलो तेव्हा अंगात उत्साह फार. ते पुस्तक सही करून बाहेर काढलं, पिशवीत घातलं आणि सीताबर्डीवर एका झेरॉक्सच्या दुकानात नेलं. पहिल्या बावीस पानांवर आपले नेहमीचे आकडे नव्हते, रोमन होते. त्यात प्रस्तावना, आभार, बायकोला अर्पण, असलंच काहीतरी असणार. रोमन आकड्यांच्या पानांवर आजवर परीक्षेत कधी प्रश्न आलेला नाही.

"सामने के पन्ने भी निकालना है क्या, सर?" झेरॉक्सवाल्यानं विचारलं होतं.

"वो नहीं चाहिए. एक नंबर से शुरू करो," मी म्हणालो.

हा माझा शिक्षक म्हणून पहिला मोठा निर्णय. त्या प्रतीला स्पायरल बांधणी झाली, तिच्यावरून विभागाच्या प्रती निघाल्या, त्यांच्यावरून मुलांच्या. निळं पुस्तक कपाटात परत गेलं आणि मी ते पुन्हा उघडलं नाही.

त्या पुस्तकात ऊन म्हणजे पहिल्या दिवाळसणाला आलेला जावई. त्याला आत कसं घ्यायचं, बैठकीत कुठे बसवायचं, तो संध्याकाळी लवकर निघून जाऊ नये म्हणून काय काय करायचं, हे सगळं सविस्तर होतं. बैठकीची मोठी खिडकी पश्चिमेकडे, म्हणजे कामावरून परतलेल्या माणसाला मावळतीचं ऊन मिळतं. उत्तरेची खोली गार आणि नकोशी, म्हणून तिथे दूध-मांस ठेवायची कोठी. भिंतीत फायरप्लेस. छपराला उतार, म्हणजे बर्फ घसरून पडतो. हे सगळं ज्या एका घरात एकत्र काढून दाखवलं होतं, ते चित्र पान एकशे बारावर होतं. बाहेर लू चाललेली, वर्गातल्या कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मी घाम पुसत फळ्यावर लिहितोय: घरात ऊन जास्तीत जास्त वेळ राहण्यासाठी करावयाचे उपाय.

कुहीकडच्या एका मुलानं शीटवर फार सुबक फायरप्लेस काढली होती. एक्सटर्नलनं विचारलं, "हे काय?"

"फायरप्लेस, सर."

"कशासाठी?"

"पान एकशे बारा."

"तुझ्या घरी आहे का?"

"नाही जी. आमच्या घरी तर उन्हाळ्यात सारे अंगणात झोपते."

पहिल्या दोन उत्तरांना मी पूर्ण मार्क दिले. तिसरं अवांतर होतं.

एकदा मी वर्गाला सांगितलं, पुस्तक मिटा आणि मनातलं आदर्श घर काढा. टिनाच्या, कवेलूच्या आणि स्लॅबच्या घरांतून आलेली चाळीस मुलं. चाळीसही कागदांवर बर्फ घसरेल असं उभट उतरतं छप्पर आणि धुराडं. एकानं तर धूरही काढला. मी तो गठ्ठा प्राचार्यांना दाखवायला घेऊन गेलो. मला वाटलं, शिकवणं मुरलं. खरी गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या मुलांनी त्यातल्या एका अक्षरावरही विश्वास ठेवला नव्हता. परीक्षेतलं घर वेगळं आणि राहायचं घर वेगळं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पास झाली, गावोगाव गेली आणि त्यांनी चांगली, सावलीची घरं बांधली. त्या पुस्तकावर मनापासून विश्वास ठेवणारा अख्ख्या कॉलेजात एकच प्राणी होता आणि तो टेबलाच्या पलीकडे बसून आलुबोंडा खात होता.

परीक्षेतलं घर वेगळं आणि राहायचं वेगळं, या नियमाला एकच अपवाद निघाला, तो म्हणजे सुजाता गजभिये.

सुजाता खाप्याहून रोज बसनं येई. तिचे वडील गवंडी होते. खाप्यात आणि आसपासच्या गावांत त्यांना गजभिये मिस्त्री म्हणूनच ओळखत. डिप्लोमा चांगल्या मार्कांनी काढायचा आणि त्याच वर्षी डिग्रीला प्रवेश घ्यायचा, हे तिचं पक्कं ठरलेलं होतं, आणि तेवढी तिची कुवत आहे हे आम्हा सगळ्या मास्तरांना माहीत होतं.

शेवटच्या वर्षी तिनं खाप्यातल्या एका खऱ्या प्लॉटवर घर काढलं. शीट इतकं देखणं की एक्सटर्नलनं हात पुसून मगच त्याला हात लावला. पण पश्चिमेला जिना, न्हाणी आणि सामानाची खोली. त्या बाजूची भिंत जाड, वर छताजवळ दोन लहान झरोके, बाकी सगळी कोरी. बैठक उत्तरेला. मी त्या कोऱ्या भिंतीवर पेन्सिल टेकवली.

"इथे खिडकी का नाही?"

"सर, इकडून दुपारचं ऊन येते."

"मग यायला नको?"

"नाही, सर."

"हे कोणी सांगितलं?"

"बाबानं सांगतलं, सर. बाबा मिस्त्री आहेत."

मी एक्सटर्नलकडे वळलो आणि म्हणालो, "घ्या! आता प्लॅनिंग मिस्त्रीकडून शिकायचं." मी हसलो. मी हसलो म्हणून एक्सटर्नलही हसले. सुजातानं मान खाली घातली नाही.

"पुस्तकात बी हेच आहे, सर," ती म्हणाली.

"कोणत्या पुस्तकात?"

"याच निळ्या पुस्तकात. सुरुवातीले लिहून आहे, का हे पुस्तक आपल्याकडच्यासाठी नाही म्हणून."

मी माझी स्पायरलची प्रत तिच्यापुढे सरकवली. "दाखव."

तिनं उघडली. पहिलं पान, प्रकरण पहिलं. तिनं पुठ्ठा उलटून पाहिला, परत पहिलं पान पाहिलं. "यात नाही आहे जी. लायब्ररीतल्या पुस्तकात आहे. मी तिथंच बसून वाचलं."

लायब्ररी तिथून पन्नास पावलांवर होती. ग्रंथपाल जागेवर होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलाच्या खणात होती. शिपायाला नुसती मान हलवून सांगितलं असतं तरी पुस्तक आलं असतं. पण एक्सटर्नलना बस गाठायची होती आणि मला माझी इभ्रत सांभाळायची होती. मी म्हणालो, "ओरल हातात असलेल्या पुस्तकावर असते. खिडकी काढणार आहेस की नाही?"

दुसरं कुणीही असतं तर म्हणालं असतं, "सॉरी सर, काढतो." रबर-पेन्सिल टेबलावरच होती. ती म्हणाली, "त्या घरात माणसं राहतीन ना, सर."

मी तिला ओरलमध्ये नापास केलं.

त्या वर्षीचा तिचा डिग्रीचा प्रवेश गेला. सहा महिने घरी बसून तिनं हिवाळ्यात पुन्हा परीक्षा दिली. नवीन शीट आणलं. पश्चिमेला भली मोठी खिडकी, उत्तरेला कोठी, भिंतीत फायरप्लेस. हुबेहूब पान एकशे बारा. मी पेन्सिल टेकवून विचारलं, "हे कोणी सांगितलं?" ती भिंतीकडे बघत म्हणाली, "पुस्तकात आहे, सर. पान एकशे बारा." मी लाल शाईनं शीटवर 'उत्कृष्ट' लिहिलं, वर्गातले सगळ्यात जास्त मार्क दिले आणि स्टाफरूममध्ये येऊन सांगितलं की पोरगी सुधारली.

त्यानंतरही मी लायब्ररीत जाऊन ते निळं पुस्तक पाहिलं नाही. ती खोटं बोलतेय असं वाटलं असतं तर मी त्याच दिवशी गेलो असतो.

पुढच्या वर्षी मी हुडकेश्वरला घर बांधायला घेतलं. तेव्हा तिकडे प्लॉटवर खुंट्या आणि मध्ये मध्ये तुरीची शेतं. दुसऱ्यांची हजारो घरं तपासून झाली होती, आता स्वतःचं दाखवायची पाळी होती. नकाशा नव्यानं काढायची गरजच नव्हती. पान एकशे बारा उघडलं आणि प्लॉटच्या मापात बसवलं. आमचा गवंडी पश्चिमेच्या भिंतीपाशी थांबला.

"सर, इकडून ऊन येते."

"यायलाच पाहिजे," मी म्हणालो.

त्यानं माझ्या बायकोकडे, मंदाकडे पाहिलं. मंदा म्हणाली, "अवो, पश्चिमेले एवढी मोठी खिडकी काहून काढून राहिले तुमी?"

मी स्पायरल उघडून तिला चित्र दाखवलं. खिडकीजवळ बसून चहा पिणारं एक सुखी कुटुंब. मंदानं चित्र डोळ्यांजवळ नेलं. "हे लोक तर स्वेटर घालून आहेत ना!"

"तू स्वेटरकडे काय बघतेस? खिडकीकडे बघ."

तिनं ते चित्र परत दिलं आणि पुढे वीसएक वर्षं ती स्वेटरचा विषय दर उन्हाळ्यात काढत राहिली.

त्या घराचं वर्णन करायचं तर मार्चपर्यंत ते छान आहे. एप्रिलपासून दुपारी तीननंतर बैठकीत फक्त ऊन बसतं, माणसं बसत नाहीत. प्लॅस्टिकच्या खुर्चीनं पहिल्याच वर्षी पाय फाकवले. गच्चीवर वादळ-धुळीची भीती असते म्हणून गल्लीतल्या बायका कुरड्या, सांडगे, पापड आमच्या बैठकीत वाळत घालायला आणू लागल्या. "सरच्या हॉलमधे एका दिवसात वाळते वं," असा लौकिक दोन गल्ल्या पलीकडे गेला. फायरप्लेसची जागा मी भिंतीत ठेवलीच होती. तिथे मंदानं पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला. आणि घरातली एकुलती एक गार खोली, म्हणजे उत्तरेची कोठी, तिथे गव्हाच्या आणि तांदळाच्या पोत्यांच्या मधे दोन खाटा टाकून आम्ही नवरा-बायको उन्हाळे काढले. पाहुणे विचारत, "सर कुठे आहेत?" मंदा सांगायची, "धान्यात."

आम्ही हसत होतो, तेही हसत होते, आणि हसण्यावारी दिवस जात होते. गेल्या मे महिन्यात मंदा दुपारी कुरड्या उलटायला म्हणून बैठकीत गेली आणि तिथेच पडली. मी पोचलो तेव्हा अंग भाजत होतं आणि ती मला ओळखत नव्हती. दोन दिवस सलाईन. डॉक्टर म्हणाले, "शेतात ऊन लागलेले पेशंट येतात, रस्त्यावर लागलेले येतात. घरात बसून ऊन लागलेला पेशंट मी पहिल्यांदाच पाहून राहिलो, सर." मी त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि मला रडू आलं. त्या दोन दिवसांत मी जितका घाबरलो तितका आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

घरी आल्यावर मंदानं खाटेवरूनच जाहीर केलं, "आता ते खिडकी राहीन, नाही तर मी राहीन."

शेजारच्या बाईंनी सुचवलं, "गजभिये मॅडमले बोलवा ना काकू. आमच्या भावाचं तपणारं घर त्यायनंच गार केलं."

गजभिये मॅडम म्हणजे कोण, हे मला सांगायची गरज नव्हती. सुजातानं वर्ष उशिरा का होईना डिग्री केली, नोकरी केली आणि आता हुडकेश्वर रोडवरच तिचं ऑफिस होतं. सहा वर्षांपासून तिची पाटी तिथे होती आणि सहा वर्षांपासून मी भाजी आणायला जाताना त्या जागी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जात होतो. ट्रकखाली येता येता एकदा वाचलो, पण बाजू बदलली नाही. मी मंदाला म्हणालो, "दुसरं कुणी पाहू." तिनं विचारलं, "काहून?" मी भाजीची पिशवी उचलली आणि तिनं फोन लावला.

सुजाता आली. दारातच थबकली. "सर! हे तुमचं घर आहे?"

तिनं पायऱ्यांवर चपला काढल्या, मंदाची विचारपूस केली आणि टेप काढून घरभर फिरली. कोठी पाहिली, कोठीतल्या खाटा पाहिल्या. फायरप्लेसमधला माठ पाहिला. शेवटी बैठकीतल्या खिडकीपुढे उभी राहिली.

"सर," ती हळूच म्हणाली, "हे तर माझं शीट आहे."

"कोणतं शीट वं?" मंदानं आतून विचारलं.

"काही नाही, काकू. कॉलेजात असंच एक घर काढलं होतं मी. सरनं उत्कृष्ट देल्लं होतं."

मंदा माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, "सुजाता, त्या पुस्तकात सुरुवातीला नेमकं काय लिहिलं होतं?"

ती वळली. "तुमी अजून वाचलं नाही, सर?"

त्यात टोमणा असता तर मी सहन केला असता. पण तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो. कपाटाची किल्ली सापडायला तासभर लागला. निळं पुस्तक हातात घेतलं आणि ती बावीस पानं तिथेच उभ्या उभ्या वाचली. त्या गृहस्थानं पहिल्याच पानावर बजावलं होतं की हे पुस्तक मी माझ्या थंड, ढगाळ मुलखातल्या माणसांसाठी लिहिलं आहे. जिथे ऊन नकोसं असतं तिथल्या वाचकानं यातल्या दिशा तशाच उचलल्या तर तो स्वतःचं नुकसान करून घेईल. त्यानं आधी आपल्या गावातला जुना गवंडी शोधावा, त्याला विचारावं, आणि गवंडी एक सांगेल आणि हे पुस्तक दुसरं, तर गवंड्याचं ऐकावं.

मी खाली बसलो. आयुष्यभर परदेशी पुस्तकानं आपली कशी दिशाभूल केली, यावर मी स्टाफरूममध्ये कितीतरी भाषणं ठोकली असती, इतका तो विषय सोयीचा होता. पण तो बिचारा इंग्रज माझ्यापेक्षा कितीतरी शहाणा निघाला. सुजातानं पुस्तक वाचलं, पुस्तकानं सांगितलं म्हणून आपल्या गावच्या गवंड्याला विचारलं, आणि गवंड्यानं सांगितलं तसं घर काढलं. एकतीस वर्षांत पुस्तकाचं शब्दशः ऐकणारी ती माझी एकुलती एक विद्यार्थिनी. तिलाच मी पुस्तक सोडून वागल्याबद्दल नापास केलं. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवर, ते घरी नेणाऱ्यांच्या यादीत, एकच नाव होतं, माझं, झेरॉक्सच्या तारखेचं. घरी नेणारा मी एकटा आणि वाचणारी ती एकटी.

मी तडक विभागात गेलो. माझा विषय आता शिकवणारे तरुण सर फार सज्जन आहेत. म्हणाले, "सर, आता कोण झेरॉक्स वापरतं? सगळ्या पोरांजवळ पीडीएफ आहे. दुसऱ्या जिल्ह्यांतले बी मागतात." त्यांनी मोबाईलवर ती उघडून दाखवली. पहिलं पान, प्रकरण पहिलं. पान एकशे बाराच्या कोपऱ्यात माझ्या अक्षरात लाल पेन्सिलीनं लिहिलेलं: फार महत्त्वाचे. माझी स्पायरल स्कॅन करून कुणीतरी तिला अमर केलं होतं.

"यात सुरुवातीची पानं टाका हो," मी काकुळतीला येऊन म्हणालो.

त्यांनी आदरानं विचारलं, "सिलॅबसमधे आहे का सर ते?"

त्यांच्या तोंडून मीच बोलत होतो. बावीस पानांची झेरॉक्स काढून मी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि एक प्रत नोटीस बोर्डावर लावली. तिच्यावर आतापर्यंत क्रिकेटच्या निवड चाचणीची नोटीस लागली असेल.

पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आधी काम सुरू झालं. काच निघाली, चौकट निघाली. ती जागा विटांनी बुजवायची, वर दोन झरोके ठेवायचे आणि बाहेरून हातभर अंतर सोडून दुसरी पातळ भिंत उभी करायची, म्हणजे ऊन त्या बाहेरच्या भिंतीवर थांबेल आणि मधल्या पोकळीतली गरम हवा वरून निघून जाईल, असा सुजाताचा बेत. तिसऱ्या दिवशी तिनं वडिलांना बरोबर आणलं. गजभिये मिस्त्री आता थकलेत, थापी हातात धरत नाहीत. पण लेकीच्या कामावर खुर्ची टाकून बसायला त्यांना आवडतं. मंदानं त्यांना माठातलं पाणी दिलं. त्यांनी पाणी पिऊन त्या भगदाडाकडे निरखून पाहिलं.

"सर," त्यांनी विचारलं, "एवढी मोठी खिडकी, ते बी पश्चिमेले. हे कोनं सांगतलं होतं जी?"

म्हाताऱ्याच्या मनात काही नव्हतं, फक्त कुतूहल होतं. पण सुजाताच्या हातातली टेप थांबली. माझ्याकडे उत्तरं होती. पुस्तक होतं, पान होतं, सिलॅबस होता, झेरॉक्सवाला होता. एकतीस वर्षं मी त्या उत्तरांना मार्क दिले होते.

"कुणी नाही सांगितलं. मीच," मी म्हणालो. आणि एकदा तोंड उघडलं म्हणून पुढचंही बोलून टाकलं. "आणि तुमच्या मुलीनं ही खिडकी काढली नाही म्हणून तिला नापासही मीच केलं होतं. बाबांनी सांगितलं असं ती म्हणाली, तर मी हसलो होतो."

मिस्त्रींनी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांनी सावकाश लेकीकडे पाहिलं.

"मले त तू सांगतलं होतं, पेपर कठीण गेला म्हणून."

मंदाही दारात येऊन उभी राहिली होती. आपल्या सल्ल्यापायी लेकीचं वर्ष गेलं, हे त्या माणसाला कळू नये म्हणून सुजाता इतकी वर्षं गप्प राहिली होती, हे मला त्या क्षणी कळलं आणि मला त्यांच्यापैकी कुणाकडेच बघवेना.

"कठीणच होता, बाबा," सुजाता म्हणाली. मग तिनं टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि भिंतीच्या त्या टोकाकडे बोट दाखवलं.

"तिथं उभे राहा, सर. घट्ट धरा. सुटलं तर सारं माप चुकते."